लोकांची खुर्ची

आपल्या राजकीय भाषेत 'खुर्ची' हा शब्द इतका बदनाम झाला आहे की, समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर तो दिसताच वाचक मंत्रिमंडळ-विस्ताराच्या चर्चेची अपेक्षा करील. मला लिहावयाचे आहे ते चार पायांच्या, लाकडाच्या, माणसाने पाठ टेकून बसावे म्हणून केलेल्या खुर्चीविषयी. अर्थात त्या खुर्चीमागेही सत्तेचा प्रश्न आहेच. त्याकडे मी पुढे येणार आहे.

निमित्त घडले ते असे. मुलीने नवे घर घेतले आणि तिच्याबरोबर मला तुर्भ्याच्या आयकियाच्या दुकानात जावे लागले. डिसेंबर २०२० पासून हे स्वीडिश दुकान नवी मुंबईत उभे आहे. मुलीच्या तोंडी 'स्कँडिनेव्हियन' हा शब्द वारंवार येत होता. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, कोपऱ्यात एखादी कुंडी, असा त्याचा अर्थ आता शहरी मध्यमवर्गात रुळला आहे. अभिरुचीचा एक प्रकार, आणि थोडीफार प्रतिष्ठेची खूण. या शब्दाच्या पोटात सहकारी भांडारे, कामगार चळवळ आणि एका सामाजिक लोकशाही पक्षाचा दीर्घ कारभार दडलेला आहे, याची त्या दुकानात कोणालाही गंधवार्ता नव्हती. आणि कबूल केले पाहिजे की, फार वर्षे मलाही नव्हती.

मी तीसेक वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. सहकाराच्या तासाला डेन्मार्कचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नसे. १८६६ साली थिस्टेड गावी हान्स ख्रिश्चन सोन्ने या धर्मोपदेशकाने काढलेले ग्राहक भांडार, १८८२ सालची ह्येडिंगची सहकारी दुग्धशाळा, ग्रुंटविगच्या विचारांतून निघालेली लोकविद्यालये, हे सारे मी इमानेइतबारे फळ्यावर लिहीत असे. लोण्याच्या निर्यातीपाशी माझे व्याख्यान संपे. त्याच चळवळीने पुढे खुर्चीही घडविली, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात मला कळले.

डेन्मार्कमधील ग्राहक भांडारांचा एफडीबी हा महासंघ १८९६ सालचा. १९४० च्या एप्रिलमध्ये देश जर्मनीच्या ताब्यात गेला. टंचाईच्या त्या काळातच, १९४२ साली, महासंघाने फर्निचरच्या आरेखनाचा विभाग ब्योर्गे मोगेन्सेन या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाकडे सोपविला. मोगेन्सेन हा मुळात सुतारकाम शिकलेला आणि नंतर कोरे क्लिंट यांचा विद्यार्थी. क्लिंट १९२४ पासून कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमीत फर्निचर शिकवीत. त्यांची शिकवण नव्याचा हव्यास धरणारी नव्हती. आधी माणूस मोजा, मग त्याच्या वस्तू मोजा, आणि कपाट मागाहून काढा, अशी होती. शर्टाची घडी किती रुंद, थाळ्यांची चळत किती उंच, हे ठाऊक नसताना फळी कोठे ठोकावयाची ते कसे ठरविणार? हा प्रश्न ऐकावयास साधा आहे. प्रत्यक्षात तो भांडवली बाजाराच्या रीतीला छेद देणारा आहे, कारण बाजार आधी वस्तू करतो आणि गरज तिच्या मागोमाग निर्माण करतो.

१९४७ साली मोगेन्सेनने जे-३९ ही खुर्ची केली. सरळ पाय, पाठीला एक रुंद, किंचित वाकविलेली पट्टी, आणि पिळलेल्या कागदी दोरीने विणलेली बैठक. अमेरिकेतील शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्यांचा तिच्यावर ठसा आहे. कागदी दोरीही हौसेने आलेली नव्हती. युद्धकाळात नेहमीचा माल मिळेनासा झाला तेव्हा ती वापरात आली. डेन्मार्कमध्ये या खुर्चीला 'लोकांची खुर्ची' असेच म्हणतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातील मर्म आकारापेक्षा व्यवस्थेत आहे. आरेखक महासंघाचा नोकर, भांडारांचे जाळे महासंघाचे, आणि गिऱ्हाईक म्हणजे सभासद. मागणीची खात्री असल्याने एकाच नमुन्याचे मोठे उत्पादन शक्य झाले. मधला दलाल गळाला. आणि यंत्रावर कापता येतील असे सरळ भाग योजल्यामुळे किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहिली. तिचे देखणेपण या हिशेबातून आले आहे.

मोगेन्सेनचा मित्र हान्स वेग्नर याची कहाणी मात्र वेगळ्या दिशेने गेली. तो ट्योनर गावच्या चांभाराचा मुलगा. मोगेन्सेनला मुलगा झाला तेव्हा टंचाईमुळे बाजारात धड भेटवस्तू मिळेना, म्हणून त्याने त्या बाळासाठी खिळा वा स्क्रू न वापरता जोडता येणारी छोटी खुर्ची स्वतःच केली. १९४९ साली त्याने आरेखिलेली 'विशबोन' खुर्ची आजही तयार होते. तिला शंभराहून अधिक क्रिया लागतात, बैठकीत सुमारे १२० मीटर कागदी दोरी जाते आणि कुशल कारागिराला ती विणावयास तासभर लागतो. जेथे कारागिराला सन्मानाचे वेतन मिळते तेथे अशी वस्तू स्वस्त राहूच शकत नाही. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेत वेग्नरचीच खुर्ची मांडलेली होती. म्हणजे आपल्या अर्थाची खुर्ची मिळविण्यासाठी त्याच्या अर्थाची खुर्ची! चांभाराच्या मुलाची कलाकृती आज धनिकांच्या दिवाणखान्यात आहे, आणि यात त्याचा दोष नाही. कामगाराला चांगले वेतन आणि कामगाराला परवडणारी हस्तकारागिरी या दोन्ही गोष्टी एका वेळी साधत नाहीत. या पेचाला आपल्या साहित्यात कोणी फारसा हात घातलेला नाही.

स्वीडनची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे चळवळीआधी विचार आला. एलेन केय या विदुषीने सौंदर्य सर्वांसाठी आहे, असे शीर्षकातच सांगणारे पुस्तक १८९९ साली काढले. १९१९ साली ग्रेगोर पाउल्सन यांनी रोजच्या वापराच्या वस्तू अधिक सुंदर करा, असा पुकारा केला. त्याआधी १९१७ मध्ये स्टॉकहोमच्या लिलिएवाल्क्स कलादालनात कामगारांच्या लहान घरांसाठी सामान मांडणारे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी विल्हेल्म कोगे यांनी गुस्ताव्हस्बर्गच्या कारखान्यासाठी निळ्या नक्षीचा जो भांड्यांचा संच केला, तो 'कामगारांचा संच' म्हणून प्रसिद्ध झाला. तो विकत घेतला मात्र बुद्धिजीवी मध्यमवर्गाने. कामगारांना तो आवडला नाही. त्यांना श्रीमंतांच्या घरी असतात तशी सोनेरी काठाची भांडी हवी होती. मला या प्रसंगाचे हसू येते, आणि मग आपल्याच पक्षातील खादीचे आग्रही नेते व नायलॉनची साडी घेणाऱ्या त्यांच्या घरच्या मंडळी आठवतात.

पुढे १९२८ साली पेर आल्बिन हान्सन यांनी संसदेत राष्ट्र म्हणजे लोकांचे घर, ही कल्पना मांडली. चांगल्या घरात कोणी लाडके नसते आणि कोणी सावत्रही नसते, असा तिचा आशय होता. १९३० मध्ये गुन्नार आस्प्लुंड यांच्या नेतृत्वाखाली स्टॉकहोमला मोठे प्रदर्शन झाले आणि काच, पोलाद व मोकळी हवा यांची नवी वास्तुरचना देशाने पाहिली. १९३२ साली सामाजिक लोकशाही पक्ष सत्तेवर आला आणि १९३६ च्या उन्हाळ्यातील काही आठवडे वगळता १९७६ पर्यंत राहिला. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत तेथे दहा लाख घरे बांधली गेली. स्वीडनची तेव्हाची लोकसंख्या सुमारे ८० लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

पण ज्याला घर बांधावयाचे असते त्याला घरात कोणी कसे राहावे हेही ठरवावेसे वाटू लागते. ब्रिता ओकेरमान यांनी स्टॉकहोममधील कुटुंबांच्या राहणीचा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध केला. माणसे स्वयंपाकघरात दाटीवाटीने राहतात आणि चांगली खोली पाहुण्यांसाठी झाकून ठेवतात, असे त्यांत दिसले. (आपल्याकडील बंद कपाटातले कपबशांचे संच डोळ्यांसमोर आणावेत.) सुधारकांना हा अडाणीपणा वाटला. येथवर फारसे बिघडले नव्हते. परंतु याच सुधारकी वृत्तीचे दुसरे टोक भयानक होते. गुन्नार आणि आल्वा मिर्दाल यांचे लोकसंख्येच्या संकटावरील पुस्तक १९३४ चे. गुन्नार हे 'एशियन ड्रामा'चे लेखक म्हणून आणि आल्वा या भारतातील स्वीडनच्या राजदूत म्हणून आपल्याला आदरणीय. माझ्याही ते दोघे आदरस्थानी आहेत. पण 'अयोग्य' ठरलेल्यांच्या नसबंदीचा त्यांनी पुरस्कार केला होता. १९३४ च्या आणि नंतर १९४१ च्या कायद्यांखाली १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्यांतील कितीतरी जणींची संमती दडपणाखालची होती. १९९७ साली वृत्तपत्रांत हे प्रकरण गाजले तेव्हा देश हादरला. १९९९ मध्ये भरपाईचा कायदा झाला. लोकांच्या घरात सावत्र मुले होती, एवढाच याचा अर्थ. ज्या साली स्वीडनमध्ये तो कायदा बदलला गेला त्याच साली आपल्याकडे आणीबाणी आली आणि पुढे काय घडले ते या पत्राच्या जुन्या वाचकांना सांगावयास नको.

आता आयकियाविषयी. इंग्वार काम्प्राड यांनी १९४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ही कंपनी काढली. सुटे भाग सपाट खोक्यात देण्याची पद्धत १९५६ पासूनची. खुर्ची जोडून पाठविली तर मालमोटारीत निम्मी हवा जाते. ती हवा काढून टाकली, आणि जोडणीचे श्रम विनावेतन गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातले. स्वस्ताईचे एक मोठे कारण हे. स्वीडिश फर्निचर-व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला तेव्हा काम्प्राड १९६१ मध्ये पोलंडकडे वळले. सर्वसामान्यांसाठी चांगल्या वस्तू ही चळवळीची भाषा त्यांनी उचलली. सभासद मात्र गळाला, गिऱ्हाईक तेवढे उरले. १९८२ साली मालकी नेदरलँड्समधील प्रतिष्ठानाकडे गेली. पूर्व जर्मनीतील पुरवठादारांनी राजकीय कैद्यांना कामाला लावले होते, हे कंपनीनेच नेमलेल्या चौकशीतून २०१२ साली पुढे आले. आणि २०२४ मध्ये कंपनीच्या जर्मन शाखेने पीडितांच्या निधीसाठी ६० लाख युरो देण्याचे मान्य केले. स्वतःला समाजवादी म्हणविणाऱ्या राज्याच्या तुरुंगात भांडवलदाराचे फर्निचर घडत होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंना लाजिरवाणी आहे. तरीही न्यायबुद्धीने सांगावयाचे तर, सामान्य घरात बरी खुर्ची प्रत्यक्ष पोहोचविण्यात हा व्यापारी सहकारी महासंघापेक्षा फार पुढे गेला. त्याला शिव्या देऊन हे खोटे ठरत नाही.

आपण काय केले? प्रवरेचा साखर कारखाना १९५० चा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातलेल्या पायावर नंतर शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी राहिली, याचे श्रेय द्यावयासच हवे. पण सभासदाच्या घरात स्त्री जमिनीवर बसून चुलीशी खोकते की उभी राहून काम करते, हा विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर कधी आल्याचे मला आठवत नाही. दुसरेही एक कारण आहे. स्वीडनच्या शाळेत लाकूडकाम आणि विणकाम प्रत्येक मुलाला व मुलीला शिकावेच लागते; आपल्याकडे रंधा ही जातीची खूण राहिली. सुटे भाग जोडावयास तुर्भ्याच्या दुकानाला माणूस पाठवावा लागतो, तो गिऱ्हाइकाला स्क्रू फिरविता येत नाही म्हणून नव्हे.

स्वीडनमध्ये १९४४ साली गृहिणींच्या संघटना आणि गृहशास्त्राच्या शिक्षिका यांनी मिळून घराविषयी संशोधन करणारी संस्था काढली. स्वयंपाक करताना किती पावले पडतात, किती वेळा वाकावे लागते, ओटा किती उंच असावा, हे त्यांनी काम करणाऱ्या बायकांना मोजून ठरविले आणि ती मापे पुढे घरबांधणीच्या नियमांत गेली. मिर्दाल-प्रणीत नियोजनाहून हे वेगळे होते, कारण जिला मोजावयाचे तीच मोजणारीही होती.

आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या समितीत सध्या मी आहे. आराखड्यात प्रवेशद्वाराचा संगमरवर आणि वाहनतळ यांना सहा पाने आहेत. ओटा किती उंच, असे मी विचारले तेव्हा वास्तुतज्ज्ञांनी 'नेहमीचाच' असे उत्तर दिले. माझ्या पत्नीला नेहमीच्या ओट्यापाशी गेली चाळीस वर्षे टाचा उचलाव्या लागत आहेत. समितीत एकही स्त्री नव्हती. गेल्या बैठकीत दोघींना घेतले. पुढची बैठक रविवारी आहे आणि त्या दोघी सर्व बिऱ्हाडांतील ओट्यांची व ते वापरणाऱ्यांच्या कोपरांची उंची टिपून आणणार आहेत.