ताल रक्तात नसतो

ट्रॅक बनवायला निघालेल्या आमच्या पोरांना सध्या दोन शहाणे भेटतात. एक क्लासवाला. तो म्हणतो, आधी थिअरी. स्केल घोटा, कॉर्ड घोटा, परीक्षा द्या, मग कॉम्प्युटरला हात लावा. दुसरा आपलाच दोस्त. तो म्हणतो, थिअरी गेली खड्ड्यात, आपल्या तर रक्तातच ताल आहे.

मला दोघांचंही पटत नाही. पण दुसऱ्याचा राग जास्त येतो, म्हणून आधी त्याला घेतो.

रक्तात ताल आहे म्हणजे काय रे? हलगीवाल्या मांगाच्या रक्तात ताल असेल तर मग भटाच्या रक्तात वेद आणि वाण्याच्या रक्तात तराजू. म्हणजे मनूच्या पोथीत होतं तेच तू टी-शर्टवर छापून फिरतोयस. माझा आजा हलगी वाजवायचा. वाजवण्याआधी ती शेकोटीवर धरायचा. दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. शेक दिला की ओल जाते, कातडं ताणतं, सूर चढतो. किती शेकायचं, कुठे थांबायचं, कुठल्या क्षणाला ते फाटेल, हे आज्याला त्याच्या बापाच्या शिव्या खाऊन शिकावं लागलं. ही थिअरीच होती. कुणी ती छापली नाही, तिची परीक्षा घेतली नाही, म्हणून गावाने तिला रक्त म्हटलं. आपण शिकलो हे कबूल केलं की मजुरी द्यावी लागते ना! उपजत आहे म्हटलं की लग्नाच्या वरातीपुढे चतकोर भाकरीवर काम भागतं. आणि तू, एकविसाव्या शतकात, लॅपटॉप मांडीवर घेऊन, तेच बोलतोयस.

1920 साली सी. व्ही. रामन यांनी 'नेचर' या नियतकालिकात एका सहकाऱ्यासोबत आपल्या चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं. साध्या गोल कातड्यावर थाप मारली की निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता धप्प आवाज येतो. मृदंगाच्या, तबल्याच्या मधोमध शाई चढवली की ते उपस्वर सुरात येतात. रामन यांनी कारण सांगितलं. पण शाई चढवायची अक्कल आली कुठून? ती कातडं कमावणाऱ्या, घासणाऱ्या, कान लावून पुन्हा घासणाऱ्या हातांची. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्यांत दलित ख्रिस्ती घराणी मोठ्या संख्येने आहेत. टी. एम. कृष्णा यांनी 2020 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनाला आधी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. वाद्य मांडीवर चालतं, बनवणारा पुस्तकातही चालत नाही.

आता क्लासवाला.

आपल्याकडे जी रागदारीची थिअरी परीक्षेला लावतात, तिची मांडणी विष्णु नारायण भातखंडे यांची. दहा थाट त्यांचेच. पण हा वकील माणूस थाट आधी मांडून मग गाणं ऐकायला गेला नव्हता. तो गावोगाव हिंडला, उस्तादांच्या दारात बसला, बंदिशी लिहून घेतल्या आणि मग कोष्टक तयार केलं. त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच 'लक्ष्यसंगीत' आहे, म्हणजे प्रत्यक्ष गाण्यात चाललेलं संगीत. भातखंड्यांनी ऐकून नियम काढले आणि त्यांच्या नावाने परीक्षा घेणारे पोरांना सांगतात, नियम पाठ होईपर्यंत वाजवू नका. उलटी गंगा!

थिअरीचा दंडुका कसा फिरतो त्याचा आणखी एक नमुना. 1940 साली रेडिओवर पेटीला बंदी घातली. पेटीच्या पट्ट्यांतले बारा सूर ठोकळेबाज, आपल्या रागांच्या श्रुती त्यात बसत नाहीत, असा शास्त्रार्थ. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. शास्त्र म्हणून मुद्दा खोटा नव्हता. पण त्याच काळात जलशांत, तमाशात, कव्वालीत पेटीच वाजत होती. रेडिओच्या दारावर बसलेल्यांना श्रुती ऐकू येत होत्या, ही माणसं नाही.

पण आपला प्रश्न इलेक्ट्रॉनिक संगीताचा आहे. 1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ओकलंडच्या काळ्या पोरांकडून, 1966 च्या ब्लॅक पँथरकडून. या संगीताचा हिशेबही काळ्या पोरांकडेच मागू या.

जपानच्या रोलँड कंपनीने 1981 साली टीबी-303 नावाची छोटी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा एवढाच हेतू. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येईना, पेटी खपेना, 1984 पर्यंत उत्पादन बंद. माल जुन्या बाजारात स्वस्तात आला. तिथून ती शिकागोच्या काळ्या पोरांच्या हातात पडली. फ्यूचर नावाच्या तिकडीने तिचे खुंटे वाजता वाजताच पिळले, आवाज विव्हळायला लागला आणि 1987 साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाहेर आलं. पुढे त्यावर एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. त्या रेकॉर्डचा निर्माता मार्शल जेफर्सन. हा पोस्टात नोकरी करणारा. त्याला कीबोर्ड धड वाजवता येत नव्हता. म्हणून त्याने पियानो संथ लयीत भरला आणि मशीनवर वेग वाढवला. 1986 चं त्याचं 'मूव्ह युअर बॉडी' आजही नाचणाऱ्यांना तोंडपाठ आहे.

झालं, दोस्त टाळ्या पिटायला लागला. बघ, थिअरी लागतच नाही!

थांब. शिकागोत ट्रॅक रात्री क्लबमध्ये वाजायचा, पोरं नाचली की राहायचा, नाही नाचली की घरी नेऊन पुन्हा कापायचा. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' रेकॉर्ड निघण्याआधी रॉन हार्डीने म्युझिक बॉक्स क्लबात टेपवरून वाजवलं. पहिल्यांदा लोक गोंधळले, त्याने त्याच रात्री पुन्हा पुन्हा वाजवलं, शेवटी फ्लोअर पेटला, असं ती पोरं सांगतात. ही रोजची परीक्षा होती, कुठल्याही विशारदपेक्षा कडक. तू यूट्यूबवरून रेडीमेड लूप उचलतोस, त्यावर 'जय भीम'ची आरोळी चिकटवतोस आणि म्हणतोस, फील आहे.

मुंबईचंच उलटं उदाहरण घे. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा मुरलेला वादक. 1982 साली, म्हणजे शिकागोच्या 5 वर्षं आधी, त्याने तीच टीबी-303 आणि टीआर-808 घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर 10 राग वाजवले. यमन, मालकंस, तोडी. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, ती त्याने मिंडेच्या जागी वापरली. राग ठाऊक नसते तर हे सुचलं नसतं. इथे थिअरी उपयोगी पडली, छान पडली. पण एचएमव्हीची ती रेकॉर्ड चालली नाही. 2010 साली हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा जग चाट पडलं. त्याच्याकडे राग होते, मशीन होतं. नाचणारी गर्दी नव्हती.

आणि इळैयराजा? दलित घरात जन्म, खेड्यातून मद्रासला. तिथे धनराज मास्तरांकडे पाश्चात्य संगीत शिकला, नोटेशन असं पचवलं की अख्ख्या ऑर्केस्ट्राचे कागद स्वतः लिहितो. 2025 साली लंडनमध्ये त्याची सिंफनी वाजली. त्याला दलित म्हटलेलं आवडत नाही आणि त्याचं राजकारण मला पटत नाही, ते वेगळं भांडण. पण थिअरी ही कुणाच्या बापाची जहागीर नाही हे त्याने दाखवलं ते दाखवलंच.

आता मुद्द्याची गोष्ट, जी दोन्ही शहाणे सांगत नाहीत. थिअरी नको म्हणणारा पोरगाही थिअरी वापरतोच. ती सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेली असते. एफएल स्टुडिओ उघड. समोर 16 खाने, चार चारच्या गटात. पियानो रोलमध्ये सप्तकाच्या 12 सारख्या पायऱ्या. हे 16 खाने आणि 12 पायऱ्या म्हणजे कुणीतरी ठरवलेली थिअरीच. तुझ्या आज्याची थाप खान्यात पडत नव्हती, खान्याच्या जरा मागे नाहीतर पुढे पडायची, तिथेच तिचा झोल होता. तू ती माऊसने टिपतोस आणि क्वांटाइज दाबतोस. थाप सरळ होते आणि मरते. का मेली ते तुला कळत नाही, कारण खाने कुणी आखले हेच तू कधी विचारलं नाहीस. थिअरी न शिकणारा मोकळा नसतो, मशीनवाल्याच्या हुकमात असतो.

साधं गणित बघ. शाहीर काळी एकमध्ये गातोय. तिचा खालचा षड्ज जवळजवळ 69 हर्ट्झ. तू उचललेला बेस पांढरी दोनचा, 73 हर्ट्झ. दोन्ही एकदम वाजले की फरक 4 चा, म्हणून सेकंदाला 4 वेळा आवाज फुगतो आणि बसतो. मोठ्या सेटअपवर ती थरथर छातीत लागते आणि शाहिराचे शब्द त्यात बुडतात. मग तू बेस आणखी वाढवतोस! बेस अर्धा सूर खाली घेतला असता तर काम झालं असतं. दुसरं: 110 च्या लयीचं जुनं कॅसेटचं गाणं नुसतं पळवून 130 वर नेलंस तर सूर जवळजवळ तीन पट्ट्या चढतो. काळी एकचं पांढरी तीन. वामनदादांच्या शब्दांना उंदराचा आवाज लावून तू जयंतीच्या मिरवणुकीत वाजवतोस. सूर तोच ठेवून लय वाढवायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण सूर आणि लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी कुणीतरी सांगायला हवं ना?

हे क्लासात सांगतात का? आमच्या वस्तीतल्या एकाने आईच्या गळ्यातलं गहाण ठेवून एका ठिकाणी डिप्लोमाला नाव घातलं. फी लाखात. सहा महिने पाच रेघांवर ठिपके काढले. त्याने विचारलं, सर, माझा बेस घरी हेडफोनवर ऐकू येतो, मिरवणुकीत गायब का होतो? मास्तर म्हणाला, तो धांगडधिंगा आपल्या अभ्यासक्रमात नाही. पोरगं घरी आलं, गहाण अजून सुटलेलं नाही. ठिपके वाईट नाहीत. पण त्याचा प्रश्न आवाजाच्या शास्त्राचा होता, आणि त्या मास्तराला ते शास्त्रच वाटत नव्हतं.

ब्रॉन्क्सचा ग्रँडमास्टर फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता, धंदेशिक्षणाच्या सरकारी शाळेत. दुसरी तबकडी लोकांना ऐकू न जाता फक्त आपल्या कानात आधी कशी ऐकायची, याची जोडणी त्याने त्या शिक्षणाच्या जोरावर केली. मला ही थिअरी हवी. लहर काय असते, फिल्टर काय कापतो, दोन बॉक्स शेजारी ठेवले की आवाज कुठे मरतो. त्यासोबत थाटही हवेत, कॉर्डही हव्यात, धुमाळीच्या आठ मात्राही हव्यात. सगळं हवं. फक्त ट्रॅक बनवता बनवता हवं, अडलं तिथे हवं, आणि गहाण न ठेवता हवं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं होतं, आधी कुणाची परवानगी काढा असं नव्हतं म्हटलं.

म्हणून दर रविवारी दुपारी आम्ही तिघे वस्तीच्या वाचनालयात बसतो. लॅपटॉप एक, जुनी पेटी एक, हलगी आज्याची. पहिले दोन रविवार फक्त पट्टी ओळखणं आणि हर्ट्झ. फी नाही, गंडा बांधणं नाही, पाया पडणं तर अजिबात नाही. तुमचा अर्धवट ट्रॅक पेनड्राइव्हवर आणा. हेडफोन ज्याचा त्याने आणावा, आमच्याकडे दोनच आहेत आणि एकाचा डावा कान बंद आहे.