सदसद्विवेकबुद्धी, फक्त १७९९ रुपयांत!

मंडळी, आजकाल आपल्या लोकांत एक नवीनच पद्धत पडलीय. शर्टावर फोडणीचं तेल उडालं, इस्त्री जरा जास्त वेळ टेकली, मशीनमध्ये लाल कुर्त्याचा रंग बाकीच्या कपड्यांना लागला... की त्याच संध्याकाळी मोबाईल काढून नवीन शर्ट मागवायचा. यात नवीन काय म्हणाल, तर हा शर्ट 'सेंद्रिय कापसाचा', 'शेतकऱ्याशी नातं जोडणारा' वगैरे असतो. टॅगवर शेताचा फोटो. म्हणजे चांगला धडका शर्ट पायपुसणं झाला ते राहिलं बाजूला, वर आपण काहीतरी पुण्य केल्याचं समाधान!

माझा याला विरोध आहे. आणि मी सेलूचा आहे म्हणून जरा जास्तच आहे.

सेलू कुठे आलं, हे पुण्यात मला कायम विचारतात. तर परभणी जिल्ह्यात, मनमाड-सिकंदराबाद लाईनवर, जालना आणि परभणीच्या मध्ये. कापसाचं गाव. हंगामात जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग लागते आणि हवेत उडणारी रुई केसांत अडकते. ज्या शेतकऱ्याशी तुमचा शर्ट 'नातं जोडतो' म्हणे, तो त्या रांगेत असतो.

आता जरा हिशोब करू. सुती शर्टाचं वजन साधारण २०० ग्रॅम. सूतगिरणीतली आणि कापताना होणारी घट धरली तर अडीचशे ग्रॅम रुई लागली असं समजू. कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश, बाकीची सरकी. म्हणजे एका शर्टाला पाऊण किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८११० रुपये. तो पूर्ण मिळालाच असं धरलं, तरी पाऊण किलोचे होतात साधारण ६१ रुपये. त्यात सरकीसुद्धा आली. बियाणं, खत, फवारणी आणि किलोवर दिलेली बायांची वेचणी, सगळं त्या ६१ रुपयांतूनच.

उरलेले १७३८ कुठे गेले? सूत, विणाई, रंग, शिलाई, टॅक्स, जाहिरात, घरपोच पाठवणं... आणि तो शेताचा फोटो. शेतकऱ्याला दुप्पट भाव दिला तरी शर्ट जेमतेम ६१ रुपयांनी महागेल. टॅगवर पाणी किती वाचलं ते लिहिलेलं असतं, झाडाला कुठलं रसायन मारलं नाही तेही असतं. कापसाला क्विंटलमागे काय दिलं, ते मात्र मी आजवर एकाही टॅगवर पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर जरूर कळवा.

बरं, तो 'सेंद्रिय' शिक्का तरी? ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड हे मानक ठरवणारी संस्था त्यातली मोठी. २०२० मध्ये तिनेच जाहीर केलं की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. ११ कंपन्यांवर बंदी घातली. कागदांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारी वेबसाइटची हुबेहूब नक्कल उघडायची! (आपल्या धंद्यात याला फिशिंग म्हणतात.) प्रामाणिकपणे सेंद्रिय कापूस पिकवणारेही आहेतच, आणि अशा भानगडींत सगळ्यात आधी तेच मरतात.

"अरे, पण काहीच न करण्यापेक्षा बरं ना?" असं एक मित्र म्हणाला. नाही, बरं नाही. कारण खरेदी केली की आपली टोचणी तिथेच संपते. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमच्याकडे वेचणी चालू असताना, नेमकी. अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफने कापड उद्योग अडचणीत होता हे मान्य. पण त्याची झळ सोसायची कुणी, तर कापूस घेऊन रांगेत उभ्या असलेल्याने? सीसीआयकडे जावं तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. तेव्हा आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर कोणाचा एक तरी मेसेज आला का? त्या महिन्यांत तिथे दिवाळी सेलच्या लिंका फिरत होत्या.

आणि मुळात तो शर्ट टाकायचाच कशाला? वरणाचा डाग साबण लागल्यावर लाल होतो, त्याला घाबरू नका. नीट धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हात उडतो. इस्त्रीचं भोक लहान असेल तर रफूवाला आहे. सेलूत आमच्या मामांच्या शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती पलटून शिवून द्यायचा, आणि शर्ट पुढे तीन-चार वर्षं चालायचा.

"सगळेच असे वागले तर कापूस घेणार कोण?" हा प्रश्न येणार, माहितीय. आपण वर्षाला चार शर्ट कमी घेतले तर आजच्या हिशोबाने शेतकऱ्याचे २४४ रुपये गेले. त्याचा भाव आयात शुल्क आणि हमीभावाच्या खरेदीवर ठरतो, तुमच्या-माझ्या कपाटावर नाही. तरी कणव येत असेल तर शर्ट घेण्याआधी दुकानदाराला एक मेल टाका. कापूस कुठून घेतला आणि क्विंटलला काय दिलं, एवढंच विचारा.

मी दोन ब्रँडना विचारलंय. एकाने उत्तरादाखल दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. दुसऱ्याचं अजून आलेलं नाही, आलं की सांगतो.