चार्जरआधी घराचा भार मोजा

इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग झालं की ग्राहकाचा फोन येतो, ‘चार्जर कधी बसवताय?’ तारीख सांगण्याआधी त्या घराचा भार मोजणं हे आपलं काम आहे, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

घरातली सगळी उपकरणं एकाच वेळी चालत नाहीत, या गृहीतावर आपण घरगुती वायरिंग करतो. गिझरचा थर्मोस्टॅट मधूनमधून पुरवठा तोडतो, इस्त्री थोडा वेळ चालते, एसीचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. म्हणून जोडलेल्या भाराची बेरीज मोठी दिसली तरी मेन केबल तग धरते. चार्जर मात्र एकदा सुरू झाला की तासन् तास जवळपास पूर्ण करंट ओढतो. मागणी काढताना इतर उपकरणांना सवलत द्या. चार्जर शंभर टक्के धरा.

आता आकडे पाहू. महाराष्ट्रात सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअर आहे. ७.४ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टला ३२ अँपिअर घेतो. उरतात ८. दोन किलोवॅटचा गिझर एकटाच जवळपास ९ अँपिअर घेतो. पहाटे गाडी चार्जिंगला असताना कुणी गिझर लावला की मर्यादा ओलांडली. मंजूर भार याहून कमी असेल, तर तेवढीही जागा नाही. तो वीजबिलावर छापलेला असतो. पाहणीची सुरुवात तिथूनच करा.

मग टाँग टेस्टर काढा. सकाळी गिझरच्या वेळी आणि रात्री जेवणानंतर एसी चालू असताना मेनवरचा करंट मोजा. पाहणी हिवाळ्यात असेल तर एसीचा भार, उन्हाळ्यात असेल तर गिझरचा भार हिशेबात मिळवा. मीटरपासून घरापर्यंतची केबल किती चौरस मिलिमीटरची आहे, टर्मिनल काळवंडली आहेत का, अर्थिंग जिवंत आहे का, हेही तपासा. त्याच तारेतून दुप्पट करंट गेला की उष्णता चौपट होते, आणि सैल जोड आधी तिथेच जळतो.

सोसायटीत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचं अंतर विसरू नका. सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर ४० मीटर अंतरात ३२ अँपिअरला सुमारे ८ व्होल्ट पडतात. चार्जरला स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी आणि चार्जरला योग्य अशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

मोजणीनंतर ग्राहकाची गरज विचारा. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण सहा-सात युनिट लागतात. ३.३ किलोवॅटचा चार्जर ते दोन-अडीच तासांत देतो आणि जेमतेम १५ अँपिअर घेतो. रात्री अकरानंतर लावला तर बहुतेक घरांत तेवढं पुरतं. ज्यांची गरज खरोखर मोठी आहे, त्यांना भारवाढ, थ्री फेज जोडणी किंवा घरातला भार पाहून करंट आपोआप कमी करणारा चार्जर सुचवा. मोठा चार्जर विकण्यात आपला नफा जास्त असेल, पण त्या केबलशेजारी एक कुटुंब रात्रभर झोपलेलं असतं.

म्हणून आमचा आग्रह आहे: प्रत्येक कोटेशनसोबत भारपत्रक जोडा. मंजूर भार, मोजलेला सर्वाधिक करंट, केबलचा आकार, अर्थिंगचं रीडिंग आणि सुचवलेला चार्जर, एवढं एका पानावर लिहा आणि खाली सही करा. भार पेलणार नसेल तर तसंही त्याच पानावर स्पष्ट लिहा. काम हातचं गेलं तरी चालेल.