मनाचा रोजनामा

१९५५ साली रंगूनमधील एक तिशीतला मारवाडी उद्योजक, ज्याच्या अर्धशिशीपुढे देशोदेशींच्या नामांकित डॉक्टरांनी हात टेकले होते आणि वेदना अनावर झाली की मॉर्फिनची सुई टोचून घेण्यावाचून ज्याला गत्यंतर उरले नव्हते, एका स्नेह्याच्या सांगण्यावरून ऊ बा खिन यांच्या भेटीस गेला. ऊ बा खिन हे मठातले भिक्षू नव्हते. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्या देशाचे महालेखापाल झालेले, जमाखर्च आणि ताळेबंद यांत उभी हयात घालविलेले ते गृहस्थाश्रमी सरकारी अंमलदार होते, आणि कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात जिज्ञासूंना विपश्यना शिकवीत. उद्योजकाने आपले गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्यांनी साफ सांगितले की, केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर येऊ नका. मनातील विकार कमी व्हावेत म्हणून यायचे असेल तर अवश्य या, मग त्या ओघात डोकेदुखी गेली तर गेली. धर्मांतर करावे लागेल की काय या धास्तीने काही महिने घुटमळल्यावर तो गृहस्थ अखेरीस शिबिरास बसला. त्याचे नाव सत्यनारायण गोएंका. पुढे १९६९ साली भारतात येऊन त्यांनी मुंबईत काळबादेवीच्या एका धर्मशाळेत मोजक्या माणसांचे पहिले शिबिर घेतले, आणि कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरीच्या टेकडीवर १९७६ पासून सुरू झालेल्या ‘धम्मगिरी’मुळे विपश्यना हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

या सगळ्या हकिकतीत मला मोलाचा वाटतो तो ऊ बा खिन यांचा पहिला नकार. आज मनःशांतीच्या नावाने जो बाजार मांडला गेला आहे, त्यात अशा तऱ्हेने गिऱ्हाईक परत पाठविणारा दुकानदार शोधूनही सापडावयाचा नाही. शांती मिळावी म्हणून बसलेला मनुष्य दर पाच मिनिटांनी ‘मिळाली का’ असे स्वतःस विचारीत राहतो, मिळाली नाही म्हणून खट्टू होतो, किंचित मिळाल्यासारखी वाटली तर ती निसटू नये म्हणून धडपडतो. म्हणजे ज्या हव्यासाने त्याची झोप उडाली होती तोच हव्यास केवळ नवे नाव धारण करून त्याच्या मांडीशी येऊन बसतो. शांती ही मनाच्या निरीक्षणातून निपजणारी गोष्ट खरी, परंतु निरीक्षणाला बसताना तिच्याकडे डोळे लावून बसणाऱ्याच्या वाट्यास ती सहसा येत नाही, असे माझे मत आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही तेवढेच.

मुळात निरीक्षण कशाचे करावयाचे? दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चार वाजता घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात, मधल्या काळात बोलणे, वाचणे, लिहिणे सर्व वर्ज्य. आणि पहिले तीन-साडेतीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जाणणे याखेरीज दुसरा उद्योग नसतो. ना नामजप, ना कसली मूर्ती डोळ्यांपुढे. त्यानंतर लक्ष सर्व शरीरावरून क्रमाने फिरवावयाचे आणि जेथे जी संवेदना असेल, ऊष्मा, मुंग्या, खाज, जडपणा, ठणका, ती जशी आहे तशी पाहावयाची. यामागील विचार पुरातन आहे. आपण समजतो की आपण माणसांवर रागावतो, बातमीने घाबरतो, स्तुतीने फुलतो. परंतु बाहेरची घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्या दरम्यान शरीरावर एक संवेदना उमटलेली असते, आणि मन ज्याला चिकटते किंवा ज्याला झिडकारते ती वस्तुतः ती संवेदना होय, असे बुद्धाच्या उपदेशाचे सार आहे. विल्यम जेम्स याने १८८४ साली भावनांविषयी जो गाजलेला निबंध लिहिला, त्यातही शरीरातील फेरफार आधी आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना, असे प्रतिपादन होते. त्या मतावर पुढे पुष्कळ आक्षेप आले, पण क्रोध मनात चढतो तेव्हा तो देहातही चढतो एवढे नाकारण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

चौथ्या दिवसापासून दिवसातून तीनदा एकेक तास हात-पाय न हलविण्याचा आणि डोळे न उघडण्याचा संकल्प करून बसावे लागते. त्यास अधिष्ठान म्हणतात. ज्याने तो तास काढला आहे त्याला पुढील वर्णन अतिशयोक्त वाटणार नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटे बरी जातात. मग उजव्या गुडघ्याच्या आतील बाजूस एक बारीकसा चटका लागतो, तो वाढत जाऊन मांडीत ओढ सुरू होते, घोट्याखाली बधिरपणा येतो, आणि मन त्या गुडघ्याच्या वतीने वकिली करू लागते. शिक्षकांना वेळेचे भान राहिले नसावे. सांधा कायमचा निकामी झाला तर जबाबदार कोण. शेजारचा म्हातारा मघापासून हललेला दिसत नाही, त्याला नक्कीच सवय असणार. आणि मुळात घरी इतकी कामे पडलेली असताना येथे येण्याची दुर्बुद्धी आपल्याला कोणी सुचविली! आता याच क्षणी, गुडघा सोडून न देता, जर कोणी त्या दुखण्याकडे नीट पाहील तर त्याला आढळते की ‘गुडघा दुखतो’ म्हणून जो एकसंध गोळा वाटत होता तो एकसंध नाही. त्यात एक जळजळ आहे, एक ताण आहे, एक ठोका आहे, आणि ही तिन्ही मिनिटामिनिटाला जागा व जोर बदलीत आहेत. शिवाय असे दिसते की दुखणे निराळे आणि दुखण्याविरुद्ध चाललेला आकांत निराळा, आणि त्या तासातील त्रासाचा मोठा हिस्सा दुसऱ्या सदराखाली जमा करावा लागतो. घंटा होते, पाय मोकळा होतो, आणि मघाचा कायमचा निकामी सांधा दोन मिनिटांत चालू लागतो.

आपल्या मराठी संस्कारात मनाशी बोलण्याची परंपरा दीर्घ आहे. समर्थांनी दोनशे पाच श्लोकांत मनालाच समोर बसवून उपदेश केला, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते श्लोक दिवेलागणीला म्हटले. त्या उपदेशाची योग्यता मी कमी लेखीत नाही. ज्या घरांतून ती संथा गेली त्या घरांत तिच्या जागी काय आले हे सांगण्यासारखे नाही. परंतु मनाला समजावणे ही एक क्रिया, आणि मनाला नुसते पाहणे ही दुसरी. समजावणारा मनुष्य न्यायाधीशाच्या खुर्चीत असतो. हे बरे, ते वाईट, हे सोड, ते धर. पाहणाऱ्याची जागा खाली, रोजनामा लिहिणाऱ्या कारकुनाची आहे. फिर्याद कोणाची खरी, आरोपी निर्दोष की अपराधी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कोण हजर झाले, काय बोलले, कामकाज केव्हा तहकूब झाले, एवढे त्याने इमानाने टिपावयाचे. राग आला, छातीत गरम झाले, श्वास आखूड झाला, थोड्या वेळाने ऊष्मा ओसरला. इतकेच. ‘मला राग यावयास नको होता’ असा शेरा मारण्याचा मोह झाला तर तो मोहही नोंदवावयाचा. आपल्या सुशिक्षित, सुविचारी माणसांस हे काम सर्वांत कठीण जाते, कारण स्वतःवर निकाल देण्याची त्यांना लहानपणापासून सवय लावलेली असते.

ऊ बा खिन यांच्याच आयुष्यातला एक प्रसंग त्यांच्या शिष्यांनी नमूद करून ठेवला आहे. १९३७ साली ते सरकारी हिशेबखात्यात नोकरीस होते. श्वासाच्या अभ्यासाची गोडी लागल्यावर आठवड्याभरात त्यांना राहवेना. रजेचा रीतसर अर्ज न करता, कचेरीस चिठ्ठी पाठवून ते साया थेटजी या गुरूकडे निघून गेले. परतल्यावर मेजावर एक लिफाफा दिसला. बडतर्फीचा हुकूम असणार असे समजून त्यांनी तो फोडला, तर आत बढतीचे पत्र निघाले. चमत्काराची आवड असलेल्यांनी यातून हवे ते काढावे. मला त्यातून एवढेच दिसते की हा मार्ग संसार सोडलेल्यांसाठी आखलेला नव्हता. पुढे महालेखापाल झाल्यावर १९५२ साली त्यांनी रंगूनमध्ये साधनाकेंद्र उभारले, आणि निवृत्तीच्या वयानंतरही एका वेळी दोन-दोन खात्यांची जोखीम सांभाळीत ते १९६७ पर्यंत सरकारी सेवेत राहिले. फायली आणि ध्यान या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही.

आणि कसोटी लागते ती फायलींपाशीच. टेकडीवर, मोबाईल जमा करून घेतल्यावर, कोणी ताट वाढून देत असताना शांत राहण्यात विशेष ते काय? सोमवारी सकाळी आपण दोन दिवस खपून तयार केलेली टिपणी वरिष्ठांकडून परत येते आणि तिच्या समासात हिरव्या शाईने ‘चर्चा करावी’ एवढे दोनच शब्द लिहिलेले असतात, तेव्हा खरा प्रकार सुरू होतो. कानशिले तापतात. जबडा घट्ट होतो, हातातील पेन नकळत कागदावर दाबले जाते, आणि त्या दोन शब्दांतून मन दोन पाने वाचते: आपल्यावर विश्वास नाही, त्या अमक्याची टिपणी मात्र न वाचता मंजूर होते, यंदाच्या गोपनीय अहवालात काय लिहिले जाणार ते दिसतेच आहे. ज्याला कानशिलांची ऊब त्या क्षणी कळली त्याचा राग तेथल्या तेथे नाहीसा होतो असे नव्हे. परंतु राग आणि उत्तर यांच्यामध्ये बोटभर अंतर पडते, आणि पुष्कळदा तेवढ्या अंतरात असे ध्यानात येते की साहेबांना खरोखरच चर्चा करावयाची असावी.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाहत राहा, प्रतिक्रिया देऊ नका, असे ज्याला शिकविले तो अन्यायापुढेही स्वस्थ बसणार नाही काय? महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष धारदार आहे, कारण येथे बुद्धाचे नाव १९५६ सालच्या नागपूरच्या धर्मांतरापासून सामाजिक विद्रोहाशी जोडलेले आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म हा मूलतः सामाजिक आहे, एकट्या माणसाला त्याची गरज नाही, तो माणसामाणसांतील व्यवहाराचा आहे, असा निर्वाळा दिला. आणि डोळे मिटून बसण्याकडे त्यांच्या अनुयायांतील काहीजण जे साशंक होऊन पाहतात, त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. माझे उत्तर असे की प्रतिक्रिया आणि कृती यांत अंतर आहे. अपमान झाल्याबरोबर जीभ सैल सोडणे ही प्रतिक्रिया. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिणे, साक्षीदार जमविणे, संघटना बांधणे ही कृती, आणि तिला थंड डोके लागते. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाणी प्यायलेल्या लोकांवर गावात परतताना हल्ले झाले, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट मारहाणीपासून आवरले आणि मग तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयातून जिंकेपर्यंत दहा वर्षे लढविला. त्याला स्वस्थ बसणे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे मला वाटत नाही.

परंतु आक्षेपाचा एक भाग शिल्लक राहतोच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी दीर्घकालीन वेदनांनी पिडलेल्या रोग्यांसाठी या निरीक्षणाचा काही आठवड्यांचा पाठ्यक्रम बसविला. हेतू चांगला होता आणि अनेकांना त्याचा उपयोगही झाला. त्यातून पुढे जे ॲप, जी सदस्यत्वे आणि कंपन्यांतील जी दुपारची सत्रे निघाली, त्यांत मात्र ही विद्या कर्मचाऱ्याला अधिक सोशिक बनविण्याच्या कामी लावलेली दिसते. बारा तास राबवून घ्यावयाचे, आणि माणूस मोडकळीस आला की त्याला श्वास मोजावयास बसवावयाचे, हा व्यवहार मला निर्लज्जपणाचा वाटतो. त्याचप्रमाणे ज्याला खरोखरीचा मानसिक विकार आहे त्याला शिबिरात ढकलणेही घातक. म्हणूनच शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची पूर्वपीठिका विचारलेली असते, आणि ती दडवून अर्ज भरू नये. अशा माणसाने डॉक्टरकडे जावे.

महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांस विपश्यनेसाठी रजेची सवलत ठेवलेली आहे, आणि शिबिराची फी काहीच नसते. राहणे, जेवण सर्व पूर्वीच्या साधकांच्या दानातून चालते. ज्यांना शक्य असेल त्यांनी या सवलतीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र खातेप्रमुखांना विनंती आहे की, जो कारकून जादा कामाची तक्रार घेऊन समोर उभा राहील त्याच्या हाती शिबिराचा अर्ज देण्यापूर्वी त्याच्या टेबलावरील रिक्त पदे भरण्याचा प्रस्ताव वर पाठवावा.