स्वयंपाकघरातला काटा
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी गणपतीनंतर आमच्या घरात एक नवी वस्तू आली. पाटीएवढी चपटी, वर काचेचा पत्रा आणि खाली आकडे उमटणारी छोटी चौकट. किंमत साडेचारशे रुपये. ती पाहताच आजी म्हणाली, “सोनार होणार आहेस का?” आजीचे बरोबरच होते. ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा तिने आजवर सोनाराच्याच दुकानात पाहिला होता. स्वयंपाकघरात वाटी, पळी, चमचा, मूठ आणि चिमूट एवढी मापे असताना आणखी काट्याचे काय काम, हा तिचा प्रश्न मला तेव्हा जुनाट वाटला. आता तितकासा वाटत नाही. म्हणूनच हा लेख.

काटा आणला तो आईसाठी. तिची तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे. सहा किलो वजन उतरवा. आई दिसायला काही लठ्ठ नाही, त्यामुळे आम्हांला नवल वाटले. पुढे वाचनात आले की यात नवल करण्याजोगे काही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय लोक कपड्यांत सडपातळ दिसतो आणि चरबी आत बाळगतो, हे इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कोणी सांगितले नसेल.

आता वजन उतरवायचे कसे, याबाबत आपल्याकडे मार्गदर्शकांची वाण नाही. दीक्षित की दिवेकर, दोनदाच जेवायचे की दर दोन तासांनी, यावर लग्नाच्या पंगतीत भांडणारी माणसे मी पाहिली आहेत (आणि भांडता भांडता तिसऱ्यांदा जिलबी घेणारीही). आई मात्र एकच वाक्य सांगे, “मी खातेच किती? दोन पोळ्या आणि वाटीभर भात.” हे वाक्य खोटे नव्हते. पण ते खरेही नव्हते, हे काट्याने दाखवले.

अमेरिकेत १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला बाराशेहून कमी उष्मांक घेतो तरी वजन हलत नाही, अशी तक्रार असलेली माणसे त्यात घेतली होती. शरीरात प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च होते ते मोजल्यावर दिसले की ही माणसे आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती. ती लबाड होती असे नाही. आपण काय खाल्ले हे माणसाला आठवते. किती खाल्ले हे आठवत नाही. माझ्या मते काट्याचा खरा उपयोग एवढ्यापुरताच आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

आम्ही प्रथम तेल मोजले. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागते, म्हणजे सुमारे साडेचार किलो. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दोन हजार उष्मांकांच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितले आहे. आमचे तूप तर अजून हिशेबात आलेच नव्हते. एका ग्रॅम पिठात किंवा डाळीत साधारण चार उष्मांक असतात, आणि तेला-तुपात नऊ. फोडणीची पळी किंचित कलती झाली की एका पोळीचा फरक पडतो.

मग आले दाण्याचे कूट. या पदार्थाविषयी मराठी माणसाने एकदा मन मोकळे करायलाच हवे. काकडीची कोशिंबीर, मेथीची भाजी, भरली वांगी, आमटी, सगळीकडे ते असते आणि कुठेच त्याची मोजदाद नसते. आईची एक मूठ भरली ३० ग्रॅम. म्हणजे १६० च्या घरात उष्मांक. घरच्या एका पोळीहून जास्त. उपासाच्या दिवशी तर विचारूच नका. साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, दोन चमचे तूप आणि बटाटा मिळून एका बशीत पाचशेच्या आसपास. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने काढली त्याच्याजवळ काटा नव्हता, पण अंदाज अचूक होता. साखरेचेही तसेच. आमचा शिगोशीग चमचा सात ग्रॅमचा निघाला. दिवसातून चार वेळा चहा, दर वेळी दोन चमचे, म्हणजे ५६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दोन हजार उष्मांकांच्या आहारात वरून घातलेल्या साखरेला ५० ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि जमल्यास २५ च्या.

इथपर्यंत सारे ठीक होते. पण हाती काटा आला की माणूस शहाणा होतोच असे नाही, याचे उदाहरण मी स्वतः आहे. तक्त्यात तांदळाचे १०० ग्रॅमला साडेतीनशे उष्मांक दिलेले. मी शिजलेला भात तोलला, १५० ग्रॅम भरला, आणि गुणाकार करून आईला सांगितले की तुझ्या वाटीभर भातात सव्वापाचशे उष्मांक आहेत. बिचारी घाबरली. दोन दिवस तिने नुसत्या पोळीवर काढले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की तक्त्यातला आकडा कच्च्या तांदळाचा होता. शिजताना तांदूळ पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट होतो. खरा आकडा दोनशेच्याही खाली होता. आईची मी माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “तरीच मला दुपारी चक्कर येत होती.” काट्याने आकडा बरोबर सांगितला होता. त्याचा अर्थ लावणारी चुकली होती.

आजीचा विरोध निराळाच होता. ती म्हणे, “कुणाचे घास मोजू नयेत.” मी प्रथम हसण्यावारी नेले. मग एका रात्री ती बोलली. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिथे सुकडी मिळे, ती तोलून. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळे, तोही तोलून. तोलणाऱ्याच्या हाताकडे डोळे लावून बसायची ती सवय. “काटा आपल्या बाजूला थोडा तरी झुकावा असं वाटायचं,” असे ती म्हणाली, आणि मग पुष्कळ वेळ गप्प बसली. आज माझी आई काटा खाली यावा म्हणून त्याच्याकडे पाहते. एकाच घरातल्या दोन बायका, एकच वस्तू. आणि हे केवळ जुन्या काळचे नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे रोजचे १६६ ग्रॅम. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के वाजवीपेक्षा जाड आणि १८.७ टक्के वाजवीपेक्षा कृश आढळल्या. तेव्हा काट्याची शिफारस सरसकट करणाऱ्याने आधी समोर कोण बसले आहे ते पाहावे, हे आजीचे म्हणणे मी आता मान्य करते.

पण आजीच्या घरातही एक माप कोणीच घेतले नव्हते, आणि तेच महत्त्वाचे निघाले. आठवडाभर आईचे ताट तोलूनही हिशेब जुळेना. ताटातल्या उष्मांकांत तिचे वजन उतरायला हवे होते, ते उतरत नव्हते. मग मी एक आगाऊपणा केला. रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेली तोलली आणि आईने ओटा आवरल्यावर पुन्हा तोलली. सात रात्रींपैकी पाच रात्री पातेल्यातला भात, सरासरी १३० ग्रॅम, आणि बहुधा एक पोळी, ओट्याशी उभ्याउभ्याच संपलेली. अडीचशे उष्मांक! विचारले तर म्हणाली, “ते काय जेवण आहे? उरलं होतं. टाकायचं का मग?” तिच्या लेखी ते खाणे नव्हतेच, ते आवरणे होते. ‘दोन पोळ्या आणि वाटीभर भात’ हे वाक्य म्हणूनच खोटे नव्हते.

मला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच चालते. बाबांना आणि आम्हां मुलांना कमी पडू नये म्हणून जास्तीचे शिजवायचे आणि जे उरेल ते पोटात घालून भांडे रिकामे करायचे. त्या बाईला जर आपण ‘खाण्यावर ताबा ठेव’ म्हणून सांगू लागलो तर तो तिच्यावर अन्याय आहे. दोष तिच्या जिभेचा नव्हता, तांदळाच्या मापाचा होता. आई दोन वाट्या तांदूळ घेई, ते ३३० ग्रॅम भरत. आम्ही २६० वर आलो. पहिल्या रात्री बाबांनी पातेल्यात डोकावून “आज एवढाच?” असे विचारले. कोणी उत्तर दिले नाही, आणि त्यांना पुरलाही. उरले नाही, म्हणून आईला ‘आवरावे’ लागले नाही. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की काटा ताटाशी नेऊच नये. तो ओट्यावर, डब्याशेजारी असावा. कच्चे धान्य, तेल, कूट आणि साखर एवढेच त्यावर ठेवावे. ताटात वाढलेले उचलून तोलणे हे घास मोजणेच झाले, मग ते कितीही शास्त्रीय असो. आणि पालेभाजी, काकडी, दुधी तोलत बसणे हा तर शुद्ध वेळेचा अपव्यय. त्यांनी कोणी जाड झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. तीन आठवडे पुरेत. तेवढ्यात डोळा तयार होतो. आई आता पळी न तोलता पाच ग्रॅम तेल घालते, मी दोनदा तपासून पाहिले. यापुढे काटा रोज लागत असेल, तर तो आपल्याला काही शिकवीत नाही, आपल्याला धरून बसला आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. वसतिगृहातल्या माझ्या एका मैत्रिणीने असाच काटा आणला होता. तिचे वजन मुळात जास्त नव्हते; कोणीतरी स्नेहसंमेलनाच्या नाचावरून काही बोलले, एवढेच निमित्त. ती सफरचंद बियांसकट तोलून, खाऊन झाल्यावर बिया तोलून वजा करी. मेसची आमटी तोलता येत नाही म्हणून मेस सोडली. वाढदिवसाला पेढा घेईना, कारण त्याचे वजन तिला माहीत नव्हते. आम्ही तिच्या निग्रहाचे कौतुक करीत होतो! पाळी बंद झाली तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांकडे नेले, आणि सावरायला तिचे एक वर्ष गेले. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले होते. त्या तरुणांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. मैत्रिणीच्या उशाशीही पाककृतींच्या कात्रणांची वही होती. तेव्हा आम्हांला ती गंमत वाटली होती.

ज्यांना हा सारा प्रकार आजकालचे खूळ वाटतो त्यांच्या माहितीसाठी सांगते, इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरिओ यांनी सुमारे तीस वर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे, खाल्लेल्या अन्नाचे आणि बाहेर टाकलेल्या मळाचेही वजन केले आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिले. इतका दीर्घोद्योग आपल्याच्याने होणार नाही, आणि होऊही नये.

आईचे वजन पाच महिन्यांत साडेतीन किलो उतरले. सहा नाही. तपासणी ५.८ आली. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. संध्याकाळचे चालणेही तिने सुरू केले होते, त्यामुळे सगळे श्रेय काट्याचे आहे असे मी म्हणणार नाही. दिवाळीत चकलीच्या भाजणीला मी काटा पुढे केला, तर आजीने आपले जुने मापटे काढले आणि आईनेही तिचीच बाजू घेतली.

काटा सध्या आमच्याकडे नाही. शेजारच्या काकू मागून घेऊन गेल्या आहेत. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि तिला तोवर आठ किलो उतरवायचे आहेत म्हणे. मी देताना तेल, कूट आणि कच्चा तांदूळ एवढेच सांगितले. पण ती मुलगी मुळातच बारीक आहे. उद्या दुपारी तास नाही, तेव्हा जाऊन तिला भेटून येणार आहे.