शटल कोणती?

मुलचेऱ्यात रोवणीच्या तोंडावर ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस आधी एचपी विचारतो, मग किंमत. शटल, म्हणजे ट्रॅक्टरची पुढे-मागे दिशा बदलायची सोय, कोणती, हे विचारणारा विरळाच. धानाच्या बांधीत खरं तर तोच प्रश्न आधी हवा. बांधी ती केवढी! केजव्हील लावून चिखलणीला उतरलं की लगेच समोर धुरा. मागे घ्या, वळवा, पुन्हा पुढे. साध्या गिअरपेटीत रिव्हर्सचे गिअर एक-दोनच; दर वेळी थांबा, दांडा चाचपा, करकर ऐका. सिंक्रो शटलला स्टिअरिंगच्या डावीकडे छोटा दांडा असतो. क्लच दाबून तो मागे ओढला की ट्रॅक्टर मागे, गिअर तोच. पॉवर शटलमध्ये दिशा बदलताना क्लचवर पायही ठेवावा लागत नाही. तेलात बुडालेल्या क्लचप्लेटा तेलाच्या दाबावर ते काम करतात. चैन खरीच, पण पैसे जास्त आणि तेल-फिल्टरची हयगय चालत नाही. दिवसभर लोडर चालवणाऱ्यानं ते जरूर मोजावेत. तिसरा प्रकार हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा; तो बागेतलं गवत कापायला छान. नांगराला जुंपाल तर इंजिनाची बरीच ताकद तेल तापवण्यातच जाईल. माझा कौल सिंक्रोला: चिखल काही आठवड्यांचा, बाकी वर्षभर ट्रॉलीच ओढायची. फक्त चालवून बघायचं ते शोरूमपुढच्या डांबरावर नको, शेजाऱ्याच्या बांधीत. चिखलानं माखलेला पाय क्लचवरून किती वेळा घसरतो, ते तिथंच कळतं.