फाटक वर्षातून एकदा उघडतं

१९२८ सालच्या २८ फेब्रुवारीला रामनला प्रकाशाचा नवा परिणाम सापडला. म्हणून १९८७ पासून त्या दिवशी विज्ञान दिन. मोठमोठ्या संस्था त्या सुमाराला शाळेच्या पोरांसाठी फाटक उघडतात. नववीत असताना आमची म्युनिसिपल शाळाही अशाच एका फाटकातून आत गेली. नाव सांगत नाही. लेझर बघितला. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या फुलाचा काचेसारखा चुरा झाला, तोही बघितला. समजावणारा सगळं इंग्रजीत. आमच्यातल्या एकानं मराठीत विचारलं, "हे असं का होतं?" तर म्हणे, आपल्या टीचरना विचार. आमच्या टीचर भूगोलाच्या. समोसा खाल्ला, रांगेनं बसमध्ये बसलो. खेळ खलास.

मॅट्रिक झालो नि गोदीत लागलो. तिथं धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या कुशीवर एक गोल दिसतो, त्यातून आडवी रेघ, बाजूला अक्षरं. माल भरताना जहाज त्या रेघेपर्यंतच बुडू द्यायचं. गोड्या पाण्याची रेघ वर, खाऱ्या पाण्याची खाली. कारण खारं पाणी जड, ते जहाजाला जास्त उचलून धरतं. आर्किमिडीज तो हाच. नववीच्या पुस्तकात 'उत्प्लावक बल' म्हणून घोकला होता, कळला धक्क्यावर. नि ही रेघ काय आपोआप आली नाही. मालक जास्त माल कोंबायचे, जहाज बुडालं तर विमा घ्यायचे, मरायचे खलाशी. प्लिमसोल नावाचा खासदार पार्लमेंटात भांडला, तेव्हा १८७६ साली इंग्लंडात ती सक्तीची झाली. हे विज्ञान आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सरकारनं २००८ साली 'इन्स्पायर' योजना काढली. विद्यापीठांत, कॉलेजांत पाच-पाच दिवसांची शिबिरं, मोठे शास्त्रज्ञ समोर. अट काय? दहावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात या. म्हणजे ज्याच्या घरी टेबल, दिवा, क्लासची फी, त्यालाच आणखी एक दिवा. बाकी नव्याण्णवांनी काय करायचं? टाळ्या?

दुसरं होतं, हेही खोटं नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली निघालं. १९८० नंतर त्यांनी मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतली अनुसूचित जातींची पोरं घेतली. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं शिकवलं. दिसलं काय, तर डोकं कमी नव्हतं, पुस्तकाची भाषा आडवी येत होती. ती सोपी केली, पोरांना बोलू दिलं, एस.एस.सी.चे मार्क चढले. कुलकर्णी आणि आगरकरांनी १९८५ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. कुलकर्णी आडनाव बघून मी ते बाजूला ठेवणार होतो. मित्रानं बसवून वाचून दाखवलं, बरं झालं. म्हणजे जमत नाही असं नाही, साला जमतं! मग प्रत्येक विद्यापीठानं ते का केलं नाही? बसभाडं नि समोसे स्वस्त पडतात म्हणून?

मी रविवारी वस्तीतल्या सहा-सात पोरांना घेऊन बसतो. एक बादली, वाळू घालून बूच लावलेली बाटली, दोन मुठी मीठ. बाटली वर येते तेव्हा पोरं ओरडतात. परवा एकीनं विचारलं, "दादा, मीठ विरघळलं, मग पाणी जड कसं झालं?" मला नीट सांगता आलं नाही. कुणी प्रोफेसर येणार असेल तर संध्याकाळी पाचला यावं. मराठीत. फाटक नाही आमच्याकडे.